गिळलेली अर्धी मात्रा

दादाच्या फ्रेंच रेकॉर्डवरची ती रेघ मी पाडली, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगू म्हटलं की माझं धैर्य जातं, हा माझा जुना अनुभव आहे. पुढे जे लिहिणार आहे ते सगळं त्यामुळेच घडलं.

मी तेव्हा दहावीत होते. दादा सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये लागला होता आणि उरलेल्या वेळात तबला वाजवायचा. खरं तर उलटं. तबला वाजवून उरलेल्या वेळात तो कारखान्यात जायचा. तिथे फ्रान्सहून एक अगडबंब मशीन आलं आणि ते बसवायला मागोमाग एक फ्रेंच इंजिनिअर आला. त्याला इंग्रजी जेमतेम, दादाला त्याहून जेमतेम, त्यामुळे दोघांचं छान जमलं. शनिवारी सुट्टी असली की दादा त्याला स्कूटरवर बसवून पिंपळगावला एका मित्राच्या मळ्यात द्राक्षं खायला न्यायचा. एकदा त्याला घरी आणलं. मांडी घालता येईना म्हणून तो भिंतीला टेकून, लांब पाय पसरून बसला आणि दोन तास दादाचा तबला ऐकत राहिला. त्याच्या तळव्यांना ओलांडून चहा द्यायचा कसा, ही आईची त्या दिवसाची मोठी अडचण होती.

मधे तो आठ दिवस आपल्या घरी जाऊन आला आणि येताना दादासाठी एक रेकॉर्ड घेऊन आला. नवी नव्हे, स्वतःचीच, ऐकून ऐकून कव्हरचे कोपरे मऊ पडलेली.

कव्हरवर नांगरलेल्या शेतात सात माणसं उभी होती, सहा पुरुष आणि एक बाई. एकाच्याही तोंडावर हसू नाही. मागे नावं छापली होती, पण निम्मी अक्षरं लिहायची आणि उच्चारायची नाहीत ही त्यांची पद्धत आम्हाला माहीत नव्हती. आम्ही ती सगळी अक्षरं इमानदारीत वाचली तेव्हा इंजिनिअर हसून हसून लाल झाला. मग दादाने नावांचा नाद सोडला. ड्रम वाजवणाऱ्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती, तो टोपीवाला झाला. बाकीचे 'ते', आणि बाई ती 'बाई'.

ते संगीत काय होतं हे मला आजही नीट सांगता येणार नाही. इंजिनिअर म्हणाला होता की ह्यात जॅझ आहे, रॉक आहे, आणि थोडा वेडेपणा आहे. एकच तुकडा बेस गिटार पुन्हा पुन्हा वाजवत राहायची, त्यावर सॅक्सोफोन भांडायला उठायचा, पियानो मधेच दार आपटल्यासारखा यायचा, आणि सगळं आता कोसळणार असं वाटत असताना टोपीवाला ते उचलून धरायचा. बाई गायची, पण शब्द नाहीत, नुसता आवाज. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कुणाकडे काय झालंय रे, ती एवढी रडतेय?"

दादाला मात्र पहिल्या पाच मिनिटांत घाम फुटला. "हे रूपक वाजवतायत," तो म्हणाला. "सात मात्रा. ह्यांना कुणी शिकवलं नाही, ह्यांना माहीतसुद्धा नाही, आणि वाजवतायत." त्या शुक्रवारी संध्याकाळी त्याने पहिली बाजू तीनदा ऐकली. दुसरी बाजू उद्या निवांत ऐकू म्हणाला.

उद्या शनिवार होता, पण मशीन सुरू करायचं म्हणून त्याला कामावर बोलावलं. मी घरी होते. दादाच्या आधी दुसरी बाजू आपण ऐकायची, एवढीच माझी हौस. ऐकत असताना आईने कुकर बंद करायला हाक मारली, मी घाईने सुईचा दांडा उचलायला गेले आणि तो हातातून निसटला. खर्रकन आवाज आला. रेकॉर्डवर केसासारखी एक रेघ उमटली. मी ती फ्रॉकच्या टोकाने पुसली. रेघ पुसून जात नाही हे मला कळत होतं, तरी पुसली. आधीच्या दोन-चार रेघा होत्याच, त्यांत ती खपून गेली.

संध्याकाळी दादाने दुसरी बाजू लावली आणि मी पुस्तक उघडून त्याच्याकडे बघत बसले. निम्म्यावर बाईचा आवाज आला आणि डोळे मिटून बसलेला दादा ताठ झाला. त्याने सुई मागे नेली. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे. मला वाटलं, आता मार बसतो.

"अर्धी गिळली," दादा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "सातची आवर्तनं चाललीयेत, आणि बाई आली त्या एका आवर्तनात टोपीवाल्याने अर्धी मात्रा गिळली. साडेसहावर सम. आणि बाकीचे सहाही जण त्याच्याबरोबर उतरले गं. एकही मागे राहिला नाही!"

त्या जागी सुई उडत होती, एवढंच. उडतानाची टिचकी नेमकी ड्रमच्या ठोक्यात मिसळून जायची. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, रेकॉर्ड खराब आहे. पण दादा तबल्याचा माणूस. साडेनऊ मात्रांचे, साडेअकरा मात्रांचे ताल त्याने गुरूंच्या तोंडून ऐकलेले. अर्धी मात्रा त्याला खोट वाटलीच नाही, विद्या वाटली. आणि मला मात्रा मोजता येत नसल्यामुळे तो काय म्हणतोय ते कळलंच नाही. मार बसला नाही, रेकॉर्ड वाजतेय, माझ्या जिवात जीव आला. मी पुस्तकाचं पान उलटलं.

पुढे दादाने नोकरी केली, लग्न केलं, इंदिरानगरला तळमजल्यावर घर घेतलं आणि पुढच्या खोलीत तबल्याचा वर्ग सुरू केला. वहिनी गेल्यावर मी माझं बिऱ्हाड उचलून त्याच्याकडे आले. शाळेत इंग्रजी शिकवून मीही निवृत्त झाले होते. दोन म्हाताऱ्या भावंडांनी एका घरात राहावं आणि वर्तमानपत्रावरून भांडावं, ह्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

दादाच्या वर्गाची एक रीत होती. कायदे, रेले, तबल्यातलं सगळं शिकून झालं तरी शिकवणी पुरी होत नसे. शेवटी विद्यार्थ्याने ती रेकॉर्ड लावून, डोळे मिटून, तिच्यासोबत वाजवायचं आणि त्या जागी अर्धी मात्रा गिळून बरोबर समेवर यायचं. आला तर पेढा. चुकला तर पुढच्या गुरुवारी परत. मुलं तिला नुसतं 'अर्धी' म्हणायची. "तुझी अर्धी झाली का?" हा प्रश्न आमच्या ओट्यावर चप्पल घालता घालता कितीदा विचारला गेला असेल! कुणी बँकेत लागलं, कुणी घोटीला तांदळाच्या व्यापारात पडलं, पण गुरुपौर्णिमेला सगळे जमायचे आणि एकत्र अर्धी वाजवायचे. वीस-बावीस जण एकाच क्षणी ती गिळायचे. त्यांचे पंजे तबल्यावर पडले की आत स्वयंपाकघरात माझ्या अंगावर काटा यायचा. तालाचं काही कळत नसलं तरी ती जागा मला पाठ झाली होती. ती जवळ आली की माझा पोळी लाटणारा हात थांबायचा.

दादाचे कान जायला लागले ते प्रेस शॉपमुळे. डॉक्टर म्हणाले, नस आहे, हळूहळू जाणार. कानाला मशीन लावलं. उजव्या कानाने बऱ्यापैकी ऐकू यायचं, डाव्याने नावाला. संध्याकाळी तो मशीन काढून ठेवायचा आणि म्हणायचा, "आता तू बोल काय बोलायचं ते." हा त्याचा नेहमीचा विनोद.

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, मी फोनवर सहज ती रेकॉर्ड शोधली. आधीही शोधली होती, कधी सापडली नव्हती. ह्या वेळी सापडली. नांगरलेलं शेत, सात माणसं, न हसणारी. कुणीतरी अख्खी रेकॉर्ड चढवली होती, स्वच्छ, कोरी. दादा पलीकडच्या खोलीत मशीन लावून बातम्या ऐकत होता. त्याला हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. म्हटलं, ती जागा येऊ दे, मग एकदम त्याच्या कानाशी नेते.

बाईचा आवाज आला. आणि ती जागा आलीच नाही. सगळं सरळ पुढे निघून गेलं, जणू तिथे कधी काही नव्हतंच. मी मागे नेलं. पुन्हा ऐकलं. बोटांवर मोजायचा प्रयत्न केला. दहाव्या वेळी माझ्या लक्षात आलं की माझा हात फ्रॉकचं टोक धरावं तसा पदराचं टोक धरून बसलाय.

सांगायला हवं होतं. तेव्हाच, त्याच मिनिटाला. मी स्वतःला म्हटलं, त्याचे कान जाताहेत, जे थोडे महिने उरलेत त्यांत त्याच्या आयुष्याची कमाई कशाला काढून घ्यायची? फार उदात्त वाटलं मला माझं. पण खरं कारण ते नव्हतं. मला भीती वाटत होती. साठी उलटलेली बाई मी, आणि दादा रागावेल म्हणून भीत होते.

गप्पही धड राहवलं नाही. त्या रेकॉर्डखाली लोकांनी जे लिहिलं होतं त्यावरून टोपीवाल्याचा पत्ता लागला. ऐंशी ओलांडलेला, कुठल्याशा गावात मुलांना ड्रम शिकवतो. ते मी दादाला सांगितलं. रेकॉर्ड सापडली हे नाही सांगितलं, माणूस सापडला एवढंच सांगितलं.

"जिवंत आहे?" दादा खुर्चीतून उठलाच. "लिही. आत्ता लिही."

त्याने मराठीत सांगायचं आणि मी इंग्रजीत लिहायचं असं ठरलं. चार दिवस पत्र चाललं. त्यात त्याचा मुख्य प्रश्न एकच होता. अर्धी मात्रा गिळायची खूण त्या दिवशी कोणी केली? तुम्ही की बाईंनी? मी मान डोलावली आणि ते वाक्य लिहिलंच नाही. बाकी सगळं लिहिलं. पण दादाने गुरुपौर्णिमेचा व्हिडिओ जोडायला लावला, तो मला टाळता येईना. पिंपळगावच्या एका शिष्याने काढला होता तो. म्हातारा माणूस आहे, बघणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

उत्तर आलं नाही. दादा रोज सकाळी विचारायचा, मी रोज नाही म्हणायचे, आणि खरं सांगते, मला दर वेळी बरं वाटायचं.

माघात दादाला ताप आला. साधाच, पाच दिवसांचा. सहाव्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "मशीनची बॅटरी बदल गं." बदलली. पुन्हा म्हणाला, "ही पण गेलेली दिसते." मी तिसरी बॅटरी घातली, आणि मग माझ्या लक्षात आलं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या, तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. उजवा कानही गेला होता.

मी पांढरा फळा आणि पेन विकत आणलं. दादा बोलायचा, मी लिहायचे. त्याला स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे तो ओरडून बोलायचा. सकाळी सवयीने तबला घेऊन बसायचा, हातोडीने बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकायचा, आणि मला विचारायचा, "सुरात लागला का?" मला सुरातलं काय कळतंय! मी आपली मान डोलवायचे. तबला उतरलेला असणार बहुतेक. तो तसाच वाजवायचा आणि मी आत जाऊन नळ सोडून भांडी घासायचे, घासलेलीच.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी टोपीवाल्याचं उत्तर आलं. आमची मेल ज्यावर यायची तो टॅबलेट दादाच्याच हातात होता. मी पोचेपर्यंत त्याने अक्षरं मोठी करून बोट ठेवत वाचायला सुरुवात केली होती. इंग्रजी साधं होतं, कारण टोपीवाल्याचंही ते उसनंच होतं. तुमच्या मुलांचे हात बघून मी रडलो, असं त्याने लिहिलं होतं. आम्ही सात जण होतो, त्यातले आता दोघेच उरलोत. शेवटी लिहिलं होतं, "एका ठिकाणी तुमची मुलं अर्धी मात्रा सोडून देतात. फार सुंदर आहे ते. आम्ही तसं वाजवलं नव्हतं, आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत सात मात्राच वाजवल्या. ही अर्धी तुम्हाला कुठे मिळाली? मला शिकायची आहे."

दादाने ते तीनदा वाचलं. "विसरला असेल," तो ओरडला. "वय झालंय त्याचं." मग उठला, कपाटातून रेकॉर्ड काढली, खिडकीशी नेऊन उन्हात तिरकी धरली आणि अंगठ्याच्या नखाने हळूहळू चाचपत राहिला. त्या रेघेवर नख अडलं. तो तिथेच थांबला.

"खरी कुठे मिळेल?" त्याने विचारलं. "ही नको. रेघ नसलेली."

मी फळा बाजूला ठेवला. फोन काढला, जुन्या लाकडी स्पीकरला वायर जोडली आणि ते लावलं. दादा जमिनीवर बसला आणि त्याने डावा तळहात स्पीकरच्या लाकडावर टेकला. उजव्या हाताची बोटं मांडीवर आवर्तनं मोजू लागली. बेस गिटार आणि ड्रम लाकडातून येतात, ते त्याला कळत होतं. बाई त्याला येणार नव्हती, तिचा आवाज लाकडात शिरत नाही. ती आली तेव्हा मी त्याच्या खांद्याला हात लावला. त्याच्या बोटांनी आपसूक अर्धी गिळली आणि ती समेवर पडली. लाकडात सम अजून यायची होती. त्याने मला पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी त्याने बोटं मांडीवर घट्ट दाबून ती रोखायचा प्रयत्न केला, तरी ती पुढे गेलीच.

"सगळ्यांना फोन लाव," तो म्हणाला. "सांग, गुरुजींची चूक होती."

मी लिहिलं, राहू दे. त्याने पुसलं. मी पुन्हा लिहिलं, काय फरक पडतो. त्याने तेही पुसलं. "मी शिकवलं म्हणून त्यांनी वाजवलं," तो म्हणाला. "आता मीच सांगायला पाहिजे. मला ऐकू येत असतं तर मीच फोन केला असता."

पहिला फोन पिंपळगावच्या शिष्याला लावला. द्राक्षांचा हंगाम, त्याच्या पॅकहाऊसमध्ये टेम्पो भरायची गडबड चाललेली. मी सांगितलं तसा मागचा आवाज दूर गेला. तो बाहेर आला असावा.

"चूक कशी म्हणता ताई?" तो म्हणाला. "आमच्या हातात बसली हाय ना ती. आता काढायची कशी? गुरुजीन्ला सांगा, आम्हाला नाय पटत. चूक आसंल तर आसू द्या, आम्ही तशीच वाजवणार." मग म्हणाला, "गुरुजी जेवले ना?"

मी ते सगळं फळ्यावर लिहिलं. दादाने वाचलं आणि मान खाली घातली. "त्याला म्हणावं, चूक माझी आहे, तुझी नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना असंच सांग. रेकॉर्ड नीट तपासायला हवी होती मी."

एवढं मात्र माझ्याच्याने ऐकवेना. मी फोन ठेवला, फळा पुसला आणि लिहिलं. "रेघ मी पाडली. तू कामावर गेला होतास. दहावीत होते."

त्याने वाचलं, चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं, आणि चक्क हसला. "तू? मला वाटत होतं इंजिनिअरच्या घरची कुणी पोरं असतील. रडतेस काय वेडे? लहान होतीस." त्याने माझ्या डोक्यावर थापटलं, त्याच्या हाताला सुपारीचा वास होता. मी हुंदके देऊन रडले. ते त्याला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं.

मी डोळे पुसेपर्यंत तो थांबला. मग स्पीकरजवळ पडलेला फोन त्याने उचलला, त्या सात माणसांचं चित्र बघितलं आणि सहज विचारलं, "ही फोनवरची कधी सापडली तुला?"

खोटं लिहिता आलं असतं. 'आजच' एवढं लिहिलं असतं तरी त्याचा विश्वास बसला असता. मी पेनाचं टोपण काढलं. मग मी लिहिलं, "दिवाळीत."

दादाने ते वाचलं. फोन होता तिथे ठेवला.

"दिवाळीत मला ऐकू येत होतं," तो म्हणाला.